अधिक चांगलें म्हणजे काय?

शास्त्रें सामान्य जनांपर्यंत पोहोंचवावीं कीं नाहीं, याविषयीं आतां वाद राहिलेला नाहीं. वाद उरला आहे तो पोहोंचवितांना काय सांगावें व काय गाळावें याचा. आणि हा वाद मला केवळ अध्यापनकलेचा वाटत नाहीं, नीतीचाहि वाटतो. ‘ऑपरेशन्स रिसर्च’ हें त्याचें बोलकें उदाहरण आहे. (नांवच असें कीं ऐकणारास शस्त्रक्रियेची आठवण व्हावी!) साधनें मर्यादित असतां ठरलेला हेतु उत्तम रीतीनें कसा साधावा, याचा गणिती विचार म्हणजे हें शास्त्र. दुसऱ्या महायुद्धांत ब्रिटनमध्यें ब्लॅकेट व त्यांच्या सहकाऱ्यांनीं जहाजांचे तांडे किती मोठे असावे, पाणबुड्यांवर टाकावयाचे बाँब किती खोलीवर फुटावे, असल्या प्रश्नांवर तें चालवून दाखविलें. आज विमानांचीं वेळापत्रकें आणि मालमोटारींचे मार्ग ठरविण्यास त्याचाच आधार घेतात. पण ज्यांचे दिवस त्यानें आंखले जातात त्यांतील बहुतेकांस त्याचें नांवहि ठाऊक नसतें.

ही उणीव भरून काढण्यासाठीं या विषयाचे अध्यापक व संस्था महाजालावर चित्रफिती प्रसृत करीत असतात. उपक्रम स्तुत्य आहे. फळ्यावर तासभर खरडूनहि जें विद्यार्थ्याच्या गळीं उतरत नाहीं, तें नकाशावरील गुंतागुंतीच्या रेषा हलूं लागून त्यांतून एक सुटसुटीत मार्ग उरलेला पाहतांच उमगतें. तथापि या चित्रफितींचा सांगाडा बहुधा एकच: आधीं गोंधळ, मग गणित, शेवटीं वांचलेला पैसा. औषधाच्या जाहिरातीचाहि हाच सांगाडा असतो.

बोस्टन शहराची हकीकत घ्या. २०१७ सालीं तेथील शाळाखात्यानें एम्. आय्. टी. मधील संशोधकांच्या साह्यानें मुलांच्या बसगाड्यांचे मार्ग नव्यानें आंखले. सुमारें ५० गाड्या कमी झाल्या. येथें चित्रफीत संपविली तर टाळ्या पडतील. पण त्याच वर्षीं, त्याच संशोधकांच्या गणिताच्या आधारें, शाळांच्या वेळाहि बदलण्याचें ठरलें. हेतु वाईट नव्हता. मोठ्या मुलांना सकाळची झोप पुरेशी मिळावी, आणि खर्चहि आटोक्यांत राहावा. परंतु एकच गाडी पाठोपाठ दोन-तीन शाळांना पुरवावयाची तर कोणाला तरी आधीं जावें लागणारच; मोठ्यांना उशिराची वेळ दिली कीं पहिली वेळ लहानांच्या वाट्यास येते. डिसेंबरांत योजना जाहीर झाली. कित्येक प्राथमिक शाळा सकाळीं सव्वासातला भरून दुपारीं लवकरच सुटणार होत्या. नोकरीवर जाणाऱ्या आईबापांनीं विचारलें, मग दुपारीं मुलांना सांभाळावें कोणीं? थोड्याच दिवसांत योजना मागें घ्यावी लागली.

गणितानें त्याला विचारलेल्या प्रश्नाचें उत्तर दिलें होतें. पण मोठ्या मुलाची तासभर झोप आणि लहान मुलाची एकाकी दुपार यांत कोणास किती वजन द्यावें, हें गणितास माणसांनींच सांगावें लागतें. १९४५ सालीं स्टिग्लर या अर्थशास्त्रज्ञानें सर्वांत स्वस्त सकस आहाराचा हिशेब मांडला. गव्हाचें पीठ, आटवलेलें दूध, कोबी, पालक आणि वाळलेला घेवडा; वर्षाचा खर्च १९३९ च्या भावानें ३९ डॉलर ९३ सेंट! तो आहार कोणी घ्यावा असें स्वतः स्टिग्लरहि म्हणत नव्हता. चव हिशेबांत धरलेलीच नव्हती.

चार मिनिटांत हें सगळें कसें सांगावें, प्रेक्षक कंटाळून निघून जाईल, असा आक्षेप येईल. तो खोटा नाहीं. परंतु गाळावयाचेंच तर रीत गाळावी. डँट्झिगची १९४७ मधील सिम्प्लेक्स पद्धति पायरीपायरीनें न दाखविली तर कोणाचें कांहीं बिघडत नाहीं, कारण तें काम तज्ज्ञांचें आहे. काय कमी करावयाचें आणि तें कोणीं ठरविलें, हें मात्र गाळतां येणार नाहीं, कारण तो अधिकार प्रेक्षकाचा आहे. तो भाग झांकला कीं त्या बिचाऱ्यास वाटतें, ठरविण्यासारखें आतां कांहीं उरलेंच नाहीं. यंत्रानें उत्तर काढलें आहे! याहून तो अजाण राहिलेला काय वाईट? अजाण मनुष्य निदान प्रश्न तरी विचारतो. बोस्टनच्या सभांत संतापून उठलेले ते आईबाप मला अशा एखाद्या चित्रफितींत पाहावयास आवडतील. आणि त्यांचें म्हणणें हिशेबांत धरल्यावर नकाशावरील रेषा कशा सरकल्या असत्या, किती गाड्या पुन्हा वाढल्या असत्या, तेंहि.