शस्त्राचा शृंगार

पेनसिल्व्हेनियात बरीच वर्षे स्थायिक असलेल्या माझ्या भाच्याने दोन वर्षांपूर्वी एका बंदुकीची छायाचित्रे पाठविली. सोबत मुलाबाळांचे एकही छायाचित्र नव्हते. यावरूनच त्या बंदुकीने त्याच्या मनात केवढी जागा व्यापली असावी, याची कल्पना आली. बंदूक जुन्या घडणीची, म्हणजे आपण जिला ठासणीची बंदूक म्हणतो त्या जातीची. नळीच्या तोंडातून दारू ओतावयाची, तेलकट चिंधीत गुंडाळलेली शिशाची गोळी गजाने ठासावयाची, कानाशी चिमूटभर रंजक घालावयाची. मग चाप ओढला की चकमकीची ठिणगी पडून बार उडावयाचा. कोकणात रानडुकरांपासून शेत राखणाऱ्यांच्या घरी ठासणीची बंदूक भिंतीवर टांगलेली असे. तिला कोणी नटविलेले नसे. भाच्याची बंदूक मात्र नवरीसारखी सजविलेली होती. दस्त्यावर कोरीव वेलबुट्टी, पितळेची नक्षीदार झाकणी, चांदीचा तारा, तारेची जडणघडण. एका वृद्ध कारागिराच्या हाताखाली बसून त्याने ती दोन हिवाळे खपून पुरी केली होती, आणि शौकिनांच्या मेळाव्यात ती मांडून कौतुकही मिळविले होते.

परंतु त्याच्या धर्मग्रामातील एका गृहस्थांनी मिस्सानंतर त्याला विचारले होते, "जीव घेण्याच्या हत्याराला इतके नटविणे ख्रिस्ती माणसाला शोभते का?" तोच प्रश्न त्याने मला फोनवर विचारला. "मामा, तुम्हांला काय वाटते?" मी काहीतरी बोलून वेळ मारून नेली. प्रश्न मात्र मनातून गेला नाही, आणि पुढे घडलेल्या एका गोष्टीमुळे तो किती खोल आहे हेही कळले.

ही बंदूक ज्या परंपरेतील आहे तिचा इतिहास थोडा पाहिला पाहिजे. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात जर्मन भाषा बोलणाऱ्या मुलखांतून आलेले कारागीर पेनसिल्व्हेनियातील लँकेस्टर आणि त्याच्या आसपासच्या वस्त्यांत स्थिरावले. मायदेशी ते आखूड व जाड नळीची शिकारी रायफल घडवीत. नव्या देशातील अफाट अरण्यात शिकाऱ्याला दारू आणि शिसे फार जपून वापरावे लागे. म्हणून नळी लांबत लांबत चाळीस इंचांच्याही पुढे गेली आणि तिचे छिद्र लहान झाले. तेवढ्याच शिशात अधिक गोळ्या होऊ लागल्या. नळीच्या आत कोरलेल्या पिळाच्या चरांमुळे गोळी स्वतःभोवती फिरत जाई व नेम अचूक लागे. जर्मनीत जन्मलेला आणि १८२२ साली निवर्तलेला लँकेस्टरचा जेकब डिकर्ट हा या कारागिरांतील एक नामांकित पुरुष.

त्यांचा शृंगार कसा वाढला, हे पाहण्यासारखे आहे. तेलकट चिंध्या ठेवण्यासाठी दस्त्याच्या कुशीत एक खोबण असे. तिला आरंभी साधे सरकते लाकडी झाकण होते; पुढे बिजागरीचे पितळी झाकण आले; मग त्या पितळेच्या कडेने पाने-फुले उमलू लागली. दस्ता तेथील मेपल वृक्षाच्या लहरेदार लाकडाचा. नत्राम्लात लोखंड विरघळवून ते पाणी लाकडावर फासीत आणि मग धग देत. त्यासरशी लाकडातील लपलेल्या लहरी पट्ट्यापट्ट्यांनी वर येत. नेम धरताना जेथे गाल टेकतो तेथे पुष्कळदा चांदीचा आठ टोकांचा तारा बसविलेला असे. सुमारे १७८० ते १८२० हा या कलेच्या बहराचा काळ मानला जातो. म्हणजे नक्षी आली ती उपयोगाचा हात धरून. उपयोगाला बाजूला सारून नव्हे.

कारखान्यांच्या युगात ही विद्या मागे पडली. तिच्या जतनासाठी १९३३ साली अमेरिकेत ठासणीच्या रायफलींची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. इंडियाना राज्यातील फ्रेंडशिप या लहानशा गावी तिचे नेमबाजीचे मेळावे भरतात. व्हर्जिनियातील विल्यम्सबर्ग येथे वॉलेस गस्लर या कारागिराने जुन्याच हत्यारांनी संपूर्ण रायफल घडविली. लोखंडाची पट्टी तापवून, गजाभोवती वळवून, ठोकून नळी करण्यापासूनचे ते सारे काम १९६९ सालच्या एका चित्रपटात टिपलेले आहे. अशा श्रमाकडे पाहताना आदर वाटल्याखेरीज राहत नाही.

हा आदर आपल्या श्रद्धेला परका नाही. निर्गमाच्या पुस्तकात बसालेल नावाचा कारागीर आहे. सोने, चांदी, पितळ, रत्ने आणि लाकूड यांवरील त्याचे कसब हे देवाच्या आत्म्याचे दान होय, असे तेथे सांगितले आहे. पण बसालेलाने सजविला तो उपासनेचा मंडप. उत्पत्तीच्या पुस्तकात धातूची हत्यारे घडविणारा तुबल-काइनही आहे, आणि तो काइनाच्या वंशातला आहे. घण तोच, ऐरण तीच. पण एका ऐरणीवर प्रार्थना घडते आणि दुसरीवर भावाच्या रक्ताची आठवण असते. बंदुकीची नक्षी यांपैकी कोणाच्या घरची?

येथे प्राण्यांच्या वधाचा प्रश्न टाळता येणार नाही. आपल्या देशात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने, आणि विशेषतः १९९१ च्या दुरुस्तीनंतर, छंद म्हणून शिकार करण्याचा मार्ग बंद केला आहे, आणि ते योग्यच आहे. पेनसिल्व्हेनियातील परिस्थिती निराळी आहे. पांढऱ्या शेपटीची हरणे तेथे विपुल आहेत, शासन परवाने देते, आणि मांस घरात शिजते. ख्रिस्तसभेची धर्मशिकवण अन्नवस्त्रासाठी प्राण्यांचा उपयोग करण्यास मुभा देते. मात्र प्राण्यांना विनाकारण यातना देणे वा मारणे हे मानवी प्रतिष्ठेला सोडून आहे, असेही ती स्पष्टपणे सांगते. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या 'लाउदातो सी' या परिपत्रकात हीच शिकवण पुन्हा अधोरेखित केली. तेव्हा बंदूक सुंदर आहे म्हणून वध क्षम्य ठरत नाही, आणि ती ओबडधोबड आहे म्हणून तो अधिक पापमय होत नाही. वधाचा न्याय गरजेवर आणि यातनेवर होतो; चांदीचा त्याच्याशी संबंध नाही.

मग चांदीचा संबंध कशाशी? संत थॉमस अक्विनास यांचा एक साधा दृष्टांत येथे उपयोगी पडतो. मनुष्यदेहाच्या रचनेविषयी लिहिताना ते म्हणतात की, करवत करणारा कारागीर ती लोखंडाची करतो, काचेची नव्हे. काच अधिक सुंदर असेल; पण ते सौंदर्य कापण्याच्या कामात आडवे येईल. सौंदर्याला त्यांचा विरोध नाही. जे सौंदर्य वस्तूला तिच्या कामापासून तोडते, त्याला विरोध आहे. लँकेस्टरच्या पितळी झाकणाने चिंध्या सांभाळल्या आणि डोळेही निवविले. ती काचेची करवत नव्हती.

आता मिरविण्याविषयी. वृथाभिमानाचे विवेचन करताना हेच संत सांगतात की, कीर्तीची इच्छा मुळात पाप नाही. ती तीन प्रकारे पोकळ होते. ज्या गोष्टीसाठी कीर्ती हवी ती गोष्टच क्षुद्र असते तेव्हा. ज्यांच्याकडून हवी त्यांचा निवाडा भरवशाचा नसतो तेव्हा. आणि मिळालेली कीर्ती देवाच्या गौरवाकडे वा शेजाऱ्याच्या हिताकडे वळत नाही तेव्हा. मेळाव्यातील टेबलावर मांडलेल्या बंदुकीला ही तीन मापे लावून पाहावीत. तेथे एखादा जाणता कारागीर कोरीवकामातील दोष दाखवितो, नवशिका पाहून शिकतो, मांडणारा आपल्या गुरूचे नाव सांगतो. अशा दाखविण्यात विद्येचे दान आहे. त्याच टेबलामागे उभा असलेला दुसरा एखादा केवळ पैसे मोजून घेतलेल्या वस्तूकडे बोट दाखवून "हे पाहा, मी कोण आहे" असे सुचवीत असतो. वस्तू सारखीच, एक तिला दाखवितो, दुसरा तिच्याआडून स्वतःला. यातले आपण कोण, हे पाहणाऱ्यांना सांगता येत नाही. ते ज्याचे त्याने रात्री स्वतःला विचारावे.

येथवर माझे उत्तर भाच्याच्या बाजूने झुकत होते. पण मघाशी म्हटलेली गोष्ट गेल्या ऑक्टोबरात घडली. ठासणीच्या बंदुकीसाठी तेथे तेव्हा एक वेगळा हंगाम असतो, आणि त्यात नव्या घडणीच्या बंदुकाही चालतात. १९८५ साली टोनी नाइट या मिसूरीच्या कारागिराने बाजारात आणलेल्या बंदुकीपासून त्यांचा प्रसार झाला. त्या भरावयाच्या तोंडातूनच. पण ठिणगी थेट दारूच्या मागे पडते, बार चुकत नाही. पुढे त्यांवर दुर्बीण चढली, दारूच्या तयार वड्या आल्या, प्लॅस्टिकच्या वेष्टणातील टोकदार गोळी आली. जुन्या गोल गोळीचा भरवसा शंभर यार्डांच्या आतला. हिचा पल्ला त्याच्या दुपटीवर. वास्तविक हा निराळा हंगाम ठेवण्यात आला तो या हत्याराला मर्यादा आहेत म्हणून. कोलोरॅडो राज्याने तर या हंगामात दुर्बीण, वड्या आणि प्लॅस्टिकचे वेष्टण यांना मनाई केली आहे, ती मर्यादा उरावी म्हणूनच.

भाचा त्या दिवशी अशीच एक दुर्बिणीची बंदूक घेऊन गेला. सजविलेली बंदूक घरी पेटीत होती. रानात नेली तर दस्त्यावर ओरखडा उठेल, ही भीती. सायंकाळच्या सुमारास त्याने फार दुरून एका मादीवर बार टाकला. जुन्या बंदुकीने त्याने तो कधीच टाकला नसता. मादी पडली नाही. पानांवर रक्ताचे थेंब टाकीत ती झाडीत शिरली. रात्री उशिरापर्यंत तो विजेरी घेऊन शोधत राहिला, दुसऱ्या सकाळी पुन्हा गेला. ती सापडली नाही. हे सांगताना त्याचा आवाज बसला होता. "मामा, ती किती वेळ जिवंत राहिली असेल?" याला माझ्यापाशी उत्तर नव्हते.

त्या गृहस्थांच्या प्रश्नाचे उत्तर मला या ठिकाणी सापडले. त्यांनी बोट ठेवले होते ते चांदीच्या ताऱ्यावर. खरा वृथाभिमान दुर्बिणीत होता. शृंगार दोन प्रकारचे असतात. एक हाताची कसोटी पाहतो, दुसरा हाताचा पल्ला वाढवितो. पहिल्याला आपण सहज नटवेपणा म्हणतो आणि दुसऱ्याला सुधारणा. परंतु ठासणीच्या बंदुकीला एकच बार असतो. तो चुकला तर पुन्हा भरेपर्यंत जनावर निघून गेलेले असते. म्हणून शिकाऱ्याला जवळ जावे लागते, थांबावे लागते, आणि पुष्कळदा बार न टाकता परतावे लागते. ही अडचण हेच त्या हत्याराचे शील होय. ते शील काढून नाव तेवढे ठेवले, तर फसवणूक कोणाची होते? आणि पेटीत जपून ठेवलेली ती सुंदर बंदूक? रानात न नेण्याचे ठरविताच ती काचेची करवत झाली. दोन्ही गोष्टी एकाच माणसाने एकाच सकाळी केल्या, हे विसरता येत नाही.

शिकाऱ्यांचे आश्रयदाते संत हुबर्ट, लीएजचे बिशप, यांचा सण ३ नोव्हेंबरला असतो. आख्यायिका अशी की, ते उत्तम शुक्रवारी शिकारीला गेले असता एका सांबराच्या शिंगांमध्ये त्यांना क्रूस दिसला. या कथेत मला नेहमी एक गोष्ट महत्त्वाची वाटते. क्रूस दिसण्याइतके ते सांबर जवळ होते. दुरून ते फक्त लक्ष्य झाले असते.

नाताळनंतर तेथे केवळ चकमकीच्या बंदुकांचा हंगाम असतो. १९७४ पासून ती प्रथा आहे. गेल्या वर्षी भाचा आपली नटविलेली बंदूक घेऊन बर्फात गेला. एक नर अगदी पन्नास पावलांवर आला. त्याने चाप ओढला, रंजक पेटले, आणि बार फुसका गेला. दमट हवेने दारू पेटलीच नाही. हरणाने मान वर करून पाहिले आणि ते निघून गेले. परतताना कुंपण ओलांडताना दस्त्यावर बोटभर ओरखडाही उठला.

हे सारे त्याने हसत सांगितले. मी विचारले, "ओरखडा घासून काढणार का?" तो म्हणाला, "नाही मामा. पुढच्या मेळाव्यात तशीच मांडीन. कोणी विचारले तर ऑक्टोबरपासूनचे सगळे सांगेन."