नेता खोलीबाहेर गेल्यावर



याकोब आणि योहान या जब्दीच्या मुलांनी येशूच्या उजवी-डावीकडची जागा मागितली, तेव्हा बाकीचे दहा जण चिडले (मार्क १०:३५-४५). का चिडले? मला वाटते, त्यांच्याही मनात त्याच जागा होत्या. हे दोघे आधी बोलले एवढेच. येशूने सर्वांना जवळ बोलावले आणि मोठेपणासाठी दोन शब्द वापरले: सेवक आणि दास. ग्रीक शुभवर्तमानात पहिला शब्द 'दियाकोनोस' आहे. पंगतीत वाढणाऱ्यालाही हाच शब्द लावत. आपला 'डीकन' त्यातूनच आला. धर्मगुरू होण्याआधी प्रत्येक जण डीकन होतो, आणि पुढे तो बिशप झाला तरी ते डीकनपण पुसले जात नाही.

आता व्यवस्थापनाच्या वर्गातही 'सेवक-नेतृत्व' शिकवतात. हा शब्दप्रयोग रूढ केला रॉबर्ट ग्रीनलीफ या अमेरिकन गृहस्थाने. टेलिफोन कंपनीतील दीर्घ नोकरीतून १९६४ साली निवृत्त झाल्यावर १९७० मध्ये त्यांनी यावर निबंध लिहिला. त्यांना ही कल्पना सुचली हर्मन हेसे या जर्मन लेखकाच्या एका कथेवरून. लिओ नावाचा सेवक यात्रेकरूंची ओझी वाहतो, गाणी गाऊन त्यांना धीर देतो. एक दिवस तो नाहीसा होतो आणि यात्राच मोडते. पुढे कळते, तो त्या संघाचा प्रमुखच होता. ग्रीनलीफ यांनी कसोटीही दिली: ज्यांची सेवा होते ती माणसे वाढतात का? अधिक शहाणी, अधिक मोकळी होतात का, आणि स्वतः सेवा करायला पुढे येतात का?

कथा सुंदर आहे, पण मी तिथेच अडखळतो. सेवक गेला आणि यात्रा मोडली, तर यात्रेकरू वाढले कुठे?

१९३९ साली कुर्ट लेविन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दहा वर्षांच्या मुलांच्या गटांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध झाला. काही गटांचा नेता हुकूम सोडणारा होता, तर काहींचा मुलांना विचारून ठरवणारा. नेता खोलीबाहेर गेला की हुकमी गटातले काम ढेपाळे. दुसऱ्या गटातली मुले मात्र काम करीत राहत.

पण मोशे काही हुकूमशहा नव्हता. तो सकाळपासून संध्याकाळपर्यंत लोकांचे तंटे सोडवत बसे. खरीखुरी सेवाच होती ती. सासरा इथ्रो आला, दिवसभर पाहत राहिला आणि त्याने जावयाचे कौतुक केले नाही (निर्गम १८). अशाने तूही थकशील आणि हे लोकही थकतील, असे त्याने बजावले. हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर, दहांवर माणसे नेमायला लावली. आणि मोशेने सासऱ्याचे ऐकले, हेही सोपे नाही!

येशूने बारा जणांना दोघे-दोघे करून पाठवले, तेव्हा ते पुरते तयार कुठे होते? त्याने त्यांचे पाय धुतले आणि तेच एकमेकांसाठी करायला सांगितले. त्याच रात्री, माझे जाणे तुमच्या हिताचे आहे, असेही त्यांना सांगितले (योहान १६:७).

आम्हा धर्मगुरूंची बदली ठरलेलीच असते. वार्षिक रिट्रीटला गेलो की त्या आठवड्यात गावातून फोन कमी आले तर मला बरे वाटते की वाईट, हे मी स्वतःला विचारतो. खरे सांगायचे तर दोन्ही वाटते. पण आजारी माणसाकडे कोणीतरी आपणहून गेले, मयताच्या घरी रोझरी वेळेवर झाली असे परत आल्यावर कळले, तर त्या वर्षी माझे काम बरे चालले आहे असे मी समजतो.

आपल्या पॅरिश कौन्सिलची मुदत आता संपत आहे. काही जणांनी वर्षानुवर्षे घाम गाळला आहे. "तुमच्याशिवाय कोण करणार?" असे आपण त्यांना म्हणतो. त्यात कौतुक आहे, आणि आपली पळवाटही आहे. सणाचा हिशेब एकाच वहीत, मंडपवाल्याचा नंबर एकाच खिशात. तो माणूस आजारी पडला की आपली धावपळ होते.

नावे सुचवण्याचे कागद पुढच्या रविवारी मिस्सानंतर कार्यालयात मिळतील. आजवर कधीच कोणी न सुचवलेले एक तरी नाव त्यावर लिहा, तरुण मुलामुलींचेही चालेल. आणि जे या वेळी निवृत्त होत आहेत त्यांना विनंती: हिशेबाची वही देताना पहिले तीन महिने नव्या माणसाशेजारी बसा, पण लेखणी त्याच्याच हातात असू द्या.

आपला,
प्रमुख धर्मगुरू