देवी बोलली तरच ऐकणार का?

सून केस मोकळे सोडून घुमू लागली की तिच्या कपाळी मळवट भरला जातो. सासू पाया पडते, सासरा हात जोडून विचारतो, "आई, आमचं काय चुकलं?" हीच सून आदल्या रात्री शुद्धीवर असताना म्हणाली होती, "मला आता सहन होत नाही." तेव्हा तिला उत्तर मिळाले होते, "थेरं पुरे!" म्हणजे बाईचे दुःख खरे ठरायला आधी तिचे बाईपण बाजूला सारून देवी व्हावे लागते. याला श्रद्धा म्हणणाऱ्यांनी आधी या दुटप्पीपणाचा खुलासा करावा.

अंगात येणारी प्रत्येक बाई लबाड असते, असे मी म्हणत नाही. कोंडलेल्या मनाला सापडलेली ती एक फट असते. संबळाचा ठेका, घुमणारे शरीर आणि समोर मुकाट ऐकणारी माणसे, एवढ्यानेही तिला घटकाभर हलके वाटत असेल. पण शुद्धीवर आल्यावर ती काय बोलली याची जबाबदारी कोणावरच नसते. नवऱ्याची मारझोड तशीच राहते आणि देवऋषी दक्षिणा घेऊन निघून जातो.

आपल्याच परंपरेत याहून सरळ वाट होती. पहाटे जात्याशी समोरासमोर बसलेल्या दोघी खुंटा ओढताना ओव्या गात. अभ्यासक हेमा राईरकर आणि गी पॉइटविन यांनी सहकाऱ्यांसह खेडोपाडी फिरून अशा एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. त्यांत माहेर आहे, सासुरवास आहे, विठ्ठल आहे आणि बाबासाहेब आंबेडकरही आहेत. इथे बाई स्वतःच्या तोंडाने बोलते, पूर्ण शुद्धीवर बोलते आणि समोरची तिला साथ देते.

कोणी म्हणेल, दळायची जाती गेली, आता त्या ओव्यांचे काय? गेली ते बरेच झाले. त्या कष्टांचे गोडवे त्यांनीच गावेत ज्यांच्या हाताला कधी घट्टे पडले नाहीत. जपायचे ते जाते नव्हे. लय, सोबत, स्वतःचे शब्द आणि ऐकणारा कान. कलेच्या साहाय्याने मनोपचार करणारा प्रशिक्षित समुपदेशक हेच चार धागे हाती घेतो. एकनाथांच्या भारुडातही जोशी बोलतो, गोंधळी बोलतो. सोंग घेतले की न बोलवणारे बोलता येते, आणि सोंग उतरवले की 'हे माझेच म्हणणे होते' असे कबूल करता येते. अंगात आलेलीला हे दुसरे पाऊल टाकता येत नाही. उपचाराची खरी सुरुवात मात्र तिथूनच होते.

"मग गाण्याने आजार बरे होतात का?" हा प्रश्न रास्त आहे. स्किझोफ्रेनिया किंवा तीव्र नैराश्य असेल तर मनोविकारतज्ज्ञाला पर्याय नाही. कला सोबतीला असेल, औषधाच्या जागी नाही. "ओव्या गा, गोळ्या सोडा" असे सांगणारा हा शहरी कपड्यांतला देवऋषीच. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणे महाराष्ट्रात 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने मनोरुग्णाला साखळीने बांधण्यास बंदी आहे. पण अंगावरची साखळी काढून मनावरची तशीच ठेवली, तर कायद्याचे काम अर्धेच झाले.

परंपरा म्हणून सगळेच उचलायचे नाही. सोसण्यालाच भूषण मानणारी ओवी सोसणाऱ्या बाईच्या तोंडी पुन्हा घालणे हा उपचार नव्हे. ज्या गाण्यात एखाद्याच्या जातीचा अपमान आहे, ते त्याच्यापुढे 'आपली संस्कृती' म्हणून ठेवणेही नव्हे. आणि कोणी विश्वासाने मन उघडले, तर ते मोबाइलवर टिपून महिला दिनाच्या व्यासपीठावर वाजवण्याचा अधिकार कोणालाही नाही.

ऐकायला आपल्याला वेळ नाही, ही सबब खोटी आहे. देवीपुढे आपण रात्रभर बसतो. सून शुद्धीवर असताना अर्धा तास तिच्यासमोर बसायला आपण का घाबरतो? देवीला नारळ देऊन भागते. सुनेचे ऐकले, तर घर बदलावे लागते.