काकूंची खाणावळ

नागापूरच्या एमआयडीसीत शिफ्ट सुटली की काकूंच्या खाणावळीत बसायला जागा मिळत नाही. पाथर्डी तालुक्यातून ऊसतोडीचा कोयता कायमचा खाली ठेवून हे कुटुंब इथं आलं. भाड्याच्या दोन खोल्या. एकीत संसार, दुसरीत खाणावळ. मुलगा आधी मालट्रकवर होता, आता कारखान्यात प्रेस मशीन चालवतो. सून पहाटेच कणीक मळायला बसते. काकूंची शिस्त मोठी कडक. ताटात गार भाकरी त्यांना चालत नाही आणि एका पगारापुढे गेलेली उधारीही चालत नाही.

सुनेचं पहिलं बाळ सातव्या महिन्यात पोटातच गेलं. दुसऱ्या खेपेला पाचव्यातच पोट पडलं. काकू तिला मोहटादेवीला घेऊन गेल्या, नवस बोलल्या, शेजारणींनी सांगितलेली पथ्यंही करायला लावली. दोन्ही वेळा तपासणी झाली ती फक्त सुनेच्या नशिबाची.

तिसऱ्यांदा दिवस राहिले तेव्हा वस्तीतली आशा कार्यकर्ती, आशाताई, हात धुऊन मागे लागली. "काकू, आधीची दोन लेकरं अशी गेलीत. ह्या वेळी तीन महिने भरायच्या आत सगळं रक्त तपासायचं." सगळं म्हणजे हिमोग्लोबिन, साखर, एचआयव्ही आणि सिफिलिस, ज्याला जुनी माणसं गरमी म्हणतात. बोटाला सुई टोचली, पट्टीवर रक्ताचा थेंब टाकला, थोडा वेळ वाट पाहिली. सिफिलिसची रेघ उमटली. सिस्टरने दार लावून घेऊन सुनेला एकटीला समजावलं, खात्रीच्या तपासणीसाठी नगरच्या सिव्हिलची चिठ्ठी दिली आणि बजावलं, "नवऱ्याला घेऊनच जा."

सुनेने घरी येऊन जे ऐकलं ते तसंच सांगितलं. लपवण्यासारखं आपण काही केलंय असं तिला वाटतच नव्हतं. काकूंनी तिच्यापुढची परात ओढून घेतली.

"माझ्या पिठाला हात लावायचा नाही. कुठून आणलंस हे?"

मुलगा दारात बूट घालत होता. त्याने नाडी बांधली आणि कामावर निघून गेला.

त्याला ठाऊक होतं. ट्रकवर असताना एकदा लिंगावर फोड आला होता. दुखत नव्हता, खाजत नव्हता. मेडिकलमधून मलम आणलं, तीनेक आठवड्यांत फोड गेला. मलमानेच गेला असं तो धरून चालला. मलम लावलं नसतं तरी तो गेलाच असता, कारण ह्या आजाराची रीतच तशी आहे. जखम आपोआप भरते आणि जंतू रक्तात मुक्काम करतात. माणूस धडधाकट दिसतो, कामावर जातो, लग्न करतो. बायकोला लागण होते आणि तिच्याकडून नाळेतून पोटातल्या जिवाला. कित्येकदा तो जीव जन्म पाहतच नाही. पीठ, परात, ताट, पाण्याचा तांब्या ह्यांतून हा आजार कुणाला होत नाही.

काकूंना मी दुष्ट म्हणणार नाही. त्या जे बोलल्या ते आपल्याकडच्या हजारो घरांत बोललं जातं. नगरला हा विषय नवा नाही. इथे स्नेहालयाने 1989 पासून देहविक्रयातल्या बायका आणि त्यांची मुलं ह्यांच्यासाठी काम उभं केलं आहे. पण हे आजार 'त्या' वस्तीतले, आपल्या घरातले नव्हेत, ही समजूत हलत नाही. घरात सापडलाच, तर तो सुनेने आणलेला असतो.

संशोधनाने ही समजूत केव्हाच खोटी ठरवली आहे. राणी आणि अभय बंग ह्यांनी गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन गावांत 650 बायकांची तपासणी केली. 92 टक्के जणींना कोणता ना कोणता स्त्रीरोग किंवा लैंगिक संसर्गाचा आजार निघाला, आणि त्याआधी अशी तपासणी झालेल्या होत्या जेमतेम 8 टक्के. 'लॅन्सेट'मध्ये हे 1989 साली छापून आलं. पुढे पुण्याच्या गुप्तरोग दवाखान्यांत आलेल्या बायकांची रमण गंगाखेडकर आणि सहकाऱ्यांनी पाहणी केली. तो अभ्यास 1997 चा. देहविक्रय न करणाऱ्या 391 जणी त्यात होत्या. बहुतेक लग्नाच्या, नवऱ्याशिवाय दुसरा पुरुष न पाहिलेल्या. त्यांच्यातही 13.6 टक्के जणींना एचआयव्हीची लागण झालेली होती. ह्या बायकांचा दोष काय, तर त्यांनी संसार केला. हे आकडे मला नुसते आकडे म्हणून वाचता येत नाहीत. गडचिरोलीतल्या त्या बायका तक्रार घेऊन आल्या नाहीत म्हणून त्यांना आजार नाही असं सगळे धरून चालले होते, आणि नागापूरच्या ह्या सुनेनेही कधी तक्रार केली नव्हती.

नवरा सिव्हिलला गेला तो आठवडाभराने, तेही आशाताई कारखान्याच्या गेटवर जाऊन उभी राहिली म्हणून. ती तिथे आजाराचं अवाक्षर बोलली नाही. "बायकोसोबत दवाखान्यात जायचंय, सुट्टी टाका," एवढंच म्हणाली.

सरकारी दवाखान्यातल्या लैंगिक आजारांच्या विभागाला सुरक्षा क्लिनिक म्हणतात. तिथल्या समुपदेशक बाईंनी त्याला कुठे गेला होतास, कुणाकडे गेला होतास, असलं काही विचारलं नाही. फोड कधी आला होता, किती दिवस होता, त्यानंतर अंगावर पुरळ आलं होतं का, हे विचारलं. तो खाली मान घालून उत्तरं देत राहिला. शेवटी म्हणाला, "मॅडम, आईला तुम्हीच सांगा."

"आम्ही कुणाचंच कुणाला सांगत नाही," बाई म्हणाल्या. "एचआयव्हीच्या बाबतीत तर संमतीशिवाय चाचणी करायला आणि निकाल फोडायला 2017 च्या कायद्यानेच मनाई आहे. आईला सांगायचं की नाही ते तुम्ही दोघांनी ठरवा. पण आज घरात बोल कोण खातंय, तेवढं बघा."

दोघांचं रक्त खात्रीच्या तपासणीतही तसंच निघालं. औषध जुनंच, पेनिसिलिन. 1943 साली ते पहिल्यांदा ह्या आजारावर वापरलं, आणि आजही त्याला तोड नाही. पावडर पाण्यात कालवून दुधासारखं घट्ट इंजेक्शन होतं, सुईत अडकतं, म्हणून सिस्टर ते अगदी सावकाश देतात. आधी थोडंसं टोचून ॲलर्जी पाहतात. आजार जुना असल्यामुळे दर आठवड्याला एक अशी तीन. बायकोला द्यायचं आणि नवऱ्याला सोडायचं असं करून भागत नाही. पुन्हा लागण होते.

पहिलं इंजेक्शन घेऊन तो लंगडत घरी आला. काकू भाकरी थापत होत्या. सून उंबऱ्याशी लांब बसली होती.

"आई, ते माझ्याकडून आलंय. ट्रकवर होतो तेव्हाचं. तिचा काही संबंध नाही."

तव्यावरची भाकरी करपली. काकूंनी ती उतरवली नाही.

"मग ते सात महिन्यांचं लेकरू?"

"त्यानंच गेलं असेल, म्हणाल्या डॉक्टर."

"आणि मी हिला मोहट्याला अनवाणी चालवलं," काकू म्हणाल्या. त्या रात्री मुलाशी त्या एक शब्द बोलल्या नाहीत. सकाळी परात सुनेपुढे सरकवली आणि स्वतः तिच्या शेजारी बसून कणीक मळू लागल्या. पुढच्या दोन्ही इंजेक्शनांना सुनेबरोबर सिव्हिलला त्याच गेल्या.

दिवस भरून मुलगी झाली. बाळाचंही रक्त तपासलं. नवरा-बायकोला ठरावीक महिन्यांनी पुन्हा तपासणीला बोलावलं आहे.

त्यानंतर काकूंनी एक केलं. मुलाला आणि सुनेला विचारून, घरातलं काही न सांगता, पगाराच्या दिवशी आशाताईला खाणावळीत बोलावलं. पोरं जेवत असताना ती दहा मिनिटं बोलली. काही जण ताटावरून उठले. त्यातले काही पुन्हा जेवायला आलेच नाहीत, आणि त्यांची उधारी बुडाली. शेजारणीने विचारलं, "असला विषय अन्नापुढं कशाला?" काकू म्हणाल्या, "माझ्या घरात तो अन्नापुढंच निघाला होता."

महिन्याभराने एक पोरगा हात धुता धुता हळूच म्हणाला, "काकू, सिव्हिलमध्ये ते कुठल्या बाजूला आहे?" काकूंनी त्याला वाट समजावली, पैसे पडत नाहीत आणि नाव बाहेर जात नाही हे सांगितलं, आणि लग्न झालं असलं तर बायकोलाही ने म्हणाल्या.