टाकाचे वजन

घटस्थापनेपूर्वी घराचा दसरा काढण्याची आपल्याकडे जी जुनी चाल आहे, तिचा एक परिणाम सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. भिंती झाडून, गोधड्या धुऊन आणि माळ्यावरची भांडी चिंचेने घासून घर लख्ख झाले, की देवीच्या स्वागतास सिद्ध झालेल्या त्याच घरातून तळ गेलेला हंडा, कान तुटलेले गंगाळ आणि आजेसासूबाईंची फणीकरंड्याची पेटी जुन्या वस्तूंच्या दुकानाची वाट धरतात. आणि म्हणून शरदातले हे दिवस जसे देवींच्या यात्रांचे, तसेच जुन्याच्या शौकिनांच्या सुगीचेही असतात. मी त्या शौकिनांपैकी एक आहे, हे आरंभीच कबूल केलेले बरे.

दसऱ्यानंतरचा शनिवार मी तुळजापुरात काढला. तुळजाभवानीची मूर्ती चल आहे. दसऱ्याच्या पहाटे तिला पालखीतून सीमोल्लंघनास नेतात आणि त्यानंतर नऊ दिवसांच्या युद्धाने श्रांत झालेली देवी अश्विनी पौर्णिमेपर्यंत पलंगावर निजते. ही तिची श्रमनिद्रा. नवरात्रापूर्वीची घोरनिद्रा आणि पौषातील शाकंभरी नवरात्रापूर्वीची मोहनिद्रा या आणखी दोन. पालखी आणि पलंग नगरकडून येतात, तेही दरसाल नवे, म्हणजे माझ्यासारख्याच्या दृष्टीने केवढी हळहळ वाटावी अशी गोष्ट! मी गेलो तेव्हा सिंहासन रिकामे होते, नित्याचे अभिषेक थांबलेले होते, आणि तरीही गर्दी तसूभरही उणी नव्हती. निजलेल्या आईच्या उशाशी लेकरांनी पाय न वाजवता वावरावे, तशी ती माणसे वावरत होती, असे लिहिण्याचा मोह होतो. पण ते खरे नव्हे, कारण ती नेहमीइतक्याच मोठ्याने 'आई राजा उदो उदो' म्हणत होती.

रविवारी परतीच्या वाटेवर एका तालुक्याच्या गावी मोडीच्या दुकानात शिरलो. तराजूला दसऱ्याची झेंडूची माळ अजून होती, फुले मात्र सुकून तपकिरी झालेली. समया, पानपुडे, अडकित्ते, पायली आणि अदोलीची मापे, एक सोंगट्यांचा पट, असा नेहमीचा सरंजाम होता. (१९७२च्या कायद्याने शंभर वर्षांवरील वस्तू पुरावस्तू ठरते, तेव्हापासून अशा दुकानांतील प्रत्येक जिन्नस सरकारच्या लेखी नव्वद वर्षांचा आणि गिऱ्हाइकाच्या लेखी पेशवाईतला असतो.) मग मालकाने आतून एक पत्र्याचा डबा आणला. लाल खणाच्या फडक्यात सात रुपेरी टाक होते: म्हाळसेसह खंडोबा, अष्टभुजा भवानी, एक बहिरोबा, आणि बाकीचे घोड्यावर बसलेले वीर, म्हणजे कोणा कुळाचे पूर्वज. पिढ्यान्‌पिढ्यांच्या गंधाने आणि बोटांनी भवानीचा चेहरा इतका झिजला होता, की तो चेहरा आहे हे आधी ठाऊक असल्याशिवाय दिसलाच नसता.

असे टाक बाजारात येतात कसे, हे सांगायला नको. भावाभावांच्या वाटण्या होतात, वंश खुंटतो, वाड्याच्या जागी इमारत उभी राहते. मला छळणारा प्रश्न निराळा होता. भाद्रपदात पार्थिव गणपतीवर अक्षता वाहून मूर्ती जराशी उत्तरेकडे सरकविली, की देवत्व निघून जाते आणि उरते ती माती, असे आपण मानतो. दसऱ्याला घटही तसाच हलवितात. बोटभर सरकविण्याचा हा संस्कार म्हणजे देवाशी केलेली रीतसर फारकत होय. या सात जणांना मात्र कोणीच हलविले नव्हते. मग तराजूच्या पारड्यात जे पडले ते रुपे, की देव?

मीमांसकांना विचारावे, तर त्यांचे भाष्यकार शबरस्वामी कठोर आहेत. त्यांच्या मते देवतेस देह नाही, ती हविर्भाग खात नाही, तिला मालकीही नाही. देवाचे गाव, देवाचे शेत हा नुसता बोलण्याचा उपचार, कारण त्या शेताचा इच्छेनुरूप विनियोग देव काही करीत नाही. इकडे आमच्या दप्तरांत देवस्थान इनामांच्या सनदांचे ढीग पडलेले, आणि सातबाऱ्यावर देव आजही नांदतो आहे! एवढेच नव्हे, तर कलकत्त्याच्या एका कुटुंबाच्या दाव्यात १९२५ साली प्रिव्ही कौन्सिलने मूर्ती ही विधिमान्य व्यक्ती असून तिने कोठे राहावे याबाबत तिच्या इच्छेचा मान राखला पाहिजे, असे ठरविले. आणि तमिळनाडूतील पथूर येथे १९७६ साली जमिनीतून निघून विलायतेस गेलेल्या नटराजावर तेथील मंदिराचा हक्क १९९१ साली लंडनच्या अपील न्यायालयाने मान्य केला. भाष्यकाराने देवाची मालकी काढून घ्यावी आणि विलायती न्यायाधीशाने ती परत बहाल करावी, यातील गंमत शबरस्वामींनाही आवडली असती.

परंतु मला अधिक जवळचा वाटतो तो महानुभावांचा विचार. मूर्तीत देव मानण्यास ते राजी नाहीत. आणि तरी चक्रधरस्वामींचा जेथे स्पर्श झाला त्या पाषाणाला, ते बसले त्या ओट्याला ते मस्तक लावतात. का, तर 'संबंध' घडला म्हणून. अशा स्थानांची नोंद त्यांनी स्थानपोथीत किती काटेकोरपणे ठेवली आहे! दगडात काही वसते असे नव्हे, दगडाशी काही घडले, हा भेद सूक्ष्म असला तरी लटका नाही. पुण्याचे दिनकर केळकर, ज्यांनी 'अज्ञातवासी' या नावाने कविता लिहिली, अशाच जुन्या वस्तूंसाठी गावोगाव हिंडले आणि तो संग्रह बालपणीच गेलेल्या मुलाच्या नावाने उभा करून १९७५ साली त्यांनी तो शासनाच्या स्वाधीन केला. तेथील दिव्यांपुढे उभे राहताना मला नेहमी कलेपेक्षा त्या मुलाचीच आठवण अधिक होते. संबंध जडतो तो असा. त्याला वहिवाट म्हणावे, तर मुदतीच्या कायद्याप्रमाणे बारा वर्षांच्या कब्जाने जमिनीची मालकी फिरते. पण झिजलेल्या चेहऱ्यावरची वहिवाट किती वर्षांनी संपते, हे कोणत्या कायद्यात पाहावे?

मी भाव विचारला. मालकाने टाक तोलले नाहीत. चष्मा कपाळावर सारून तो म्हणाला, "साहेब, देवात बसवणार, का काचेच्या कपाटात?"

"त्याने काय फरक पडतो?"

"देवात बसवणार असाल तर मोडीच्या भावाने न्या. कपाटात ठेवायचे तर जुन्याचा भाव पडेल."

देवात, असे म्हटले असते तर निम्म्याहून कमी पैशांत काम झाले असते. पण दुसऱ्याच्या कुळाचे वीर माझ्या देव्हाऱ्यात कोणत्या नात्याने बसणार, त्यांना दर सणाला नैवेद्य कोण दाखवणार, आणि माझ्यामागे हा डबा पुन्हा कोणत्या तराजूशी येणार? कपाटात, असे म्हणायलाही जीभ रेटेना. शबरस्वामींपासून लंडनपर्यंतचा सारा युक्तिवाद नुकताच मनात घोळविलेला मी, एका मोडवाल्याच्या सवालापुढे खणाच्या फडक्याकडे पाहत उभा राहिलो. त्याने थोडा वेळ वाट पाहिली, मग फडक्याची चारी टोके जुळवून गाठ मारली आणि डबा आत नेऊन ठेवला.

"पुन्हा याल तेव्हा सांगा," तो आतून म्हणाला.

बाहेर ऊन कलले होते. पौर्णिमेसाठी निघालेली अनवाणी माणसे, डोक्यावर गाठोडी घेऊन, माझ्या उलट दिशेने तुळजापूरकडे चालली होती.