अर्धवट आठवण आणि ओळख

कित्येक वर्षांपूर्वी दूरदर्शनवर पाहिलेले, नाव विसरलेले नाटक शोधू पाहणाऱ्यापुढे एक जुना तात्त्विक पेच असतो. जे ठाऊक नाही ते शोधायचे कसे, आणि सापडले तर ते तेच हे ठरवायचे कशावरून? प्लेटोच्या ‘मेनो’ संवादात हा पेच आहे. न्यायदर्शनाचे उत्तर असे, की अनुभव सरला तरी संस्कार उरतो. अन्नंभट्टाच्या ‘तर्कसंग्रहा’प्रमाणे निव्वळ संस्कारातून उपजते ती स्मृती. ‘हा तोच’ अशा प्रत्यभिज्ञेला मात्र वस्तू डोळ्यांसमोर असावी लागते.

दापोली तालुक्यातील मुरुड हे महर्षी धोंडो केशव ऊर्फ अण्णासाहेब कर्वे यांचे गाव. तिथल्या एखाद्या वयस्क माणसाला ‘अण्णांवरचे नाटक’ अंधुक आठवते असे समजू: ध्येयापायी घर विसरलेला प्राध्यापक आणि ते घर ओढणारी फटकळ बायको. कर्व्यांच्या नावाने शोधून हाती काही लागेलच असे नाही. वसंत कानेटकरांच्या ‘हिमालयाची सावली’ (१९७२) या नाटकात कर्व्यांच्या चरित्राचा आधार असला, तरी नायक आहे नानासाहेब भानू आणि त्याची पत्नी बयो. रंगभूमीवर या भूमिका डॉ. श्रीराम लागू आणि शांता जोग यांनी गाजवल्या.

शिवाय १८९३ मध्ये कर्व्यांनी गोदूबाई या विधवेशी लग्न केल्यावर मुरुडकरांनी त्यांच्यावर बहिष्कार टाकला होता. घरी ऐकलेली ही हकिकत आठवणीत नाटकाचा प्रवेश होऊन बसू शकते. ‘तर्कसंग्रह’ स्मृतीचे यथार्थ आणि अयथार्थ असे भेद करतो. पण इथे ऐकलेलेही खरे, पाहिलेलेही खरे, खोटा आहे तो सांधा. म्हणून अशी आठवण टाकून देण्याजोगी नसते. पाहिलेले कोणते आणि ऐकलेले कोणते, एवढे निवडावे लागते.

क्षणिकवादी बौद्धांना ही ओळखच मान्य नाही. तेव्हा पाहणारा वेगळा, आजचा वेगळा. साम्यामुळे ‘तोच’ असा भास होतो. नैयायिक म्हणतात, दोन्ही अनुभव जोडणारा ज्ञाता एकच नसेल तर शोध सुरूच होणार नाही. पाहणाऱ्यापुरते नैयायिकांचे म्हणणे अधिक पटते. नाटकापुरता मात्र बौद्धांचा आक्षेप जड आहे, कारण प्रत्येक प्रयोग निराळा असतो.

दहाव्या शतकातील काश्मिरी आचार्य उत्पलदेव प्रेमात पडलेल्या स्त्रीचे उदाहरण देतात. जिवलगाचे गुण तिने ऐकलेले असतात, तो समोर उभाही असतो, पण हाच तो हे उमगेपर्यंत तिला आनंद होत नाही. तसेच नाटकाचे पुस्तक हाती देऊनही प्रेक्षक ‘होय, हेच’ म्हणेल असे नाही. त्याच्या मनावर संस्कार आहे तो आवाजाचा आणि चेहऱ्याचा. टेलिव्हिजनच्या सुरुवातीच्या काळात फिती महाग असल्याने पुसून पुन्हा वापरण्याची रीत जगभर होती. नाटकाचे चित्रमुद्रण असे नाहीसे झाले असेल, तर संहितेवरून निघालेला निष्कर्ष कितीही बिनचूक असला तरी तो अनुमानच ठरतो, प्रत्यभिज्ञा नव्हे.