वळिवड्याच्या छावणीतून आलेली साक्ष

हुकूमशाहीतून जीव वाचवून आलेल्या माणसाने आपली हकिगत चारचौघांत सांगावी, हे आज आपल्याला स्वाभाविक वाटते. ऐंशी वर्षांपूर्वी तसे नव्हते, आणि त्याचा पुरावा सांगली जिल्ह्यातल्या विट्याहून फार लांब नाही. कोल्हापूरजवळच्या वळिवड्यात 1943 ते 1948 या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांची छावणी होती. त्यांत बहुतेक बायका आणि मुले. 1940 च्या फेब्रुवारीपासून 1941 च्या जूनपर्यंत स्टालिनच्या राजवटीने पूर्व पोलंडमधली लाखो माणसे मालगाड्यांत कोंबून सायबेरियात आणि कझाकस्तानात नेऊन टाकली होती. वळिवड्यात आलेली कुटुंबे त्यांतून वाचलेली. हिटलरने रशियावर चाल केल्यावर, 30 जुलै 1941 रोजी, लंडनमधल्या निर्वासित पोलिश सरकारशी स्टालिनला करार करावा लागला. तेव्हा या लोकांची सुटका झाली आणि इराणमार्गे ते इकडे आले. छावणीत शाळा होत्या, चर्च होते, बालवीरांची पथके होती. पाच वर्षे ही माणसे आपल्या शेजारी राहिली, पण ती कशातून आली आहेत हे जगाला मोकळेपणी सांगण्याची सोय त्यांना नव्हती.

या मौनाचे कारण केवळ भाषा नव्हे. त्यांना आसरा देणारा ब्रिटन त्या वेळी स्टालिनचा दोस्त होता. 1943 च्या एप्रिलमध्ये कातिनच्या जंगलात स्टालिनच्या राजवटीने मारलेल्या पोलिश अधिकाऱ्यांची सामूहिक थडगी सापडल्याचे जाहीर झाले, पोलिश सरकारने चौकशी मागितली, तर मॉस्कोने त्या सरकारशी संबंधच तोडले. ब्रिटननेही दोस्ताला दुखवायचे टाळले. युद्ध संपले तेव्हा या निर्वासितांची गावे सोव्हिएत हद्दीत गेली होती, आणि नव्या कम्युनिस्ट पोलंडमध्ये सायबेरियाचा विषय सेन्सॉरच्या कात्रीत सापडला. म्हणजे राजवटीने आधी घर घेतले आणि नंतर ते घेतल्याची नोंदही पुसायला घेतली. निर्वासिताचे जाहीर सांगणे हे दुःखाचे प्रदर्शन नसून साक्ष आहे असे मी मानतो, ते यामुळे. दुःख खाजगी राहू शकते. गुन्ह्याची नोंद खाजगी राहिली तर फायदा फक्त गुन्हेगाराचा होतो.

हा विचार रुजायला पन्नास वर्षे लागली. छावणीच्या काळात निर्वासित म्हणजे पोसायची तोंडे आणि रेशनच्या याद्या, अशीच सरकारी दृष्टी होती. 13 एप्रिल 1990 रोजी सोव्हिएत सरकारने कातिनची जबाबदारी कबूल केली आणि खुद्द पोलंडमध्ये बोलणे शक्य झाले. ब्रिटनमध्ये स्थायिक झालेल्या वळिवड्याच्या मुलामुलींनी, तोवर आजी-आजोबा झालेल्यांनी, आठवणी आणि कागदपत्रे जमवून त्यांचा ग्रंथ काढला. 2019 च्या सप्टेंबरमध्ये त्यांतले काहीजण वळिवड्यात स्मृतिस्तंभाच्या अनावरणाला आले होते.

म्हातारपणीच्या आठवणींवर किती विसंबायचे, हा आक्षेप रास्त आहे. पण इथे त्याला उत्तर आहे. सुटकेनंतर लगेच, 1942-43 मध्येच, जनरल अँडर्स यांच्या पोलिश सैन्याने हजारो हद्दपारांच्या जबान्या लिहून घेतल्या होत्या, त्यांत शाळकरी मुलांच्याही. त्या आज अमेरिकेतल्या हूवर संस्थेत आहेत. उशिराची आठवण ताज्या जबानीशी ताडून पाहता येते. तारीख चुकेल, गाडीचा डबा आणि भुकेने गेलेले धाकटे भावंड खोटे ठरत नाही.

दुसरा आक्षेप मला जास्त अवघड वाटतो. अशा कहाण्या शीतयुद्धात एका बाजूने दुसरीवर फेकायला वापरल्या, आजही वापरल्या जातात. एका जुलमाची साक्ष दुसऱ्या जुलमाला झाकण म्हणून चालते. याची कसोटी आपल्याच भागात आहे. पोलिश मुलांना आसरा देणारे तेच ब्रिटिश सरकार 1943 साली सातारा-सांगलीत नाना पाटलांच्या ब्रिटिशविरोधी प्रति सरकारातल्या माणसांना रानोमाळ हुडकत होते. नानांची मुलगी हौसाताई पाटील यांनी भूमिगत काम केले. पोर्तुगीज तुरुंगातल्या सहकाऱ्यासाठी त्या पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या हुकूमतीखालच्या गोव्यात गेल्या आणि परतताना रात्री मांडवी नदी ओलांडून आल्या. नव्वदी ओलांडल्यावर हे सगळे त्यांनी विट्यात पत्रकार पी. साईनाथ यांना सांगितले, तेव्हा ते जगाला कळले. पोलिश साक्ष खरी आहे म्हणून हौसाताईंची कमी खरी होत नाही, आणि उलटही नाही. दोन्ही शेजारी ठेवून वाचल्या, तर कोणत्याही एका सत्तेला त्या आपल्या कामाला जुंपता येणार नाहीत.

साक्ष दिल्यास मागे राहिलेल्या नातलगांवर सूड उगवला जाईल ही भीती मात्र खोडून काढता येत नाही. तिथे कधी बोलायचे, किती बोलायचे हे सांगणाऱ्यानेच ठरवावे. ऐकणाऱ्याला आग्रहाचा हक्क नाही. ऐकणाऱ्याचे काम वेगळे आहे: विचारणे, नीट लिहून घेणे, ताडून पाहणे आणि जपणे.

पोलिश लोक गेल्यावर वळिवड्याच्या त्याच जागेवर फाळणीत घरे गमावलेले सिंधी आले आणि गांधीनगर उभे राहिले. हौसाताई 2021 मध्ये गेल्या, म्हणून आता उशीर नको. विट्यातल्या आणि कोल्हापुरातल्या महाविद्यालयांनी, वाचनालयांनी प्रति सरकारच्या घरांतल्या आणि गांधीनगरातल्या वयोवृद्धांकडे वही आणि ध्वनिमुद्रक घेऊन या वर्षीच जावे.